'लॅप्स' या शब्दाची पार्श्वभूमी, सातारच्या निमित्ताने

मार्चअखेर आली की सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत 'निधी लॅप्स होईल' ही धास्ती असते. हप्ते थकले की पॉलिसी लॅप्स होते. १८४८ मध्ये सातारचं अख्खं राज्यही लॅप्स झाल्याचं ठरवलं गेलं.

शब्द मूळचा लॅटिन. 'लाबी' म्हणजे घसरणे, निसटणे, त्यावरून 'लाप्सुस'. कोलॅप्स, रिलॅप्स, इलॅप्स, प्रोलॅप्स ही त्याचीच भावंडं. (लॅपटॉपमधल्या 'लॅप'चा मात्र याच्याशी संबंध नाही, तो जर्मानिक कुळातला.) इ.स. २५० च्या सुमारास रोमन छळापुढे नमलेल्या ख्रिश्चनांना 'लाप्सी' म्हणत. कायद्यातला अर्थ चर्चच्या कारभारातून रुळला: चर्चच्या आश्रयदात्याने मुदतीत धर्मगुरू नेमला नाही, तर नेमणुकीचा हक्क बिशपकडे जाई. म्हणजे लॅप्स झालेला हक्क बुडत नाही, वरच्याच्या हाती जातो. साताऱ्यात नेमकं हेच घडवलं गेलं.

५ एप्रिल १८४८ रोजी सातारच्या महाराजांचं निधन झालं. औरस पुत्र नव्हता. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. सगळा वाद इथे आहे. १८१९ च्या तहात 'वारस आणि उत्तराधिकारी' असे शब्द होते, आणि हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा पूर्ण वारस. कंपनी सरकारचं म्हणणं असं, की खासगी मालमत्तेपुरता दत्तक चालेल. गादीसाठी वरिष्ठ सत्तेची परवानगी हवी. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांनीही राज्य खालसा करण्याविरुद्ध मत नोंदवलं होतं. कलकत्त्यातल्या गव्हर्नर जनरलने ते मानलं नाही आणि १८४९ च्या जानेवारीत कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी खालसा करण्यावर शिक्कामोर्तब केलं.

'लॅप्स' म्हटलं की राज्य आपोआप निसटलं असं वाटतं, निसटवणारा दिसतच नाही. पाठ्यपुस्तकातलं 'दत्तक वारस नामंजूर' जास्त खरं आहे, कारण नामंजूर करायला कोणीतरी लागतं. वारस हयात होता, त्याला नाकारलं गेलं.

सातारा हा पायंडा ठरला. संबळपूर, झाशी, नागपूर त्याच वाटेने गेली. १८५७ च्या उठावानंतर सरकारने धोरण फिरवलं आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा, म्हणजे दत्तक मान्य करण्याची लेखी हमी, दिल्या. आजच्या सातारा जिल्ह्यातली फलटण आणि औंध १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत संस्थानं म्हणून राहिली; सातारचं राज्य मात्र परत मिळालं नाही.