आयसरच्या बीएस-एमएसला नंबर लागेल का? आधी दाखला बघा, मग गणित मांडा

बारावीची प्रॅक्टिकल आटोपली की आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक प्रश्न हमखास येतो. "सर, मला आयसर मिळेल का?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर कुठल्यातरी साइटचा रँक प्रेडिक्टर उघडलेला असतो आणि त्यात ठळक अक्षरांत शक्यतेचे टक्के. मी मोबाइल खाली ठेवायला सांगतो आणि दोनच गोष्टी विचारतो. बारावीला विषय कोणते आणि जातीचा दाखला कोणत्या नमुन्यातला? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला बहुतेक जण म्हणतात, "दाखला आहे ना सर." नमुना कोणता, हे घरी जाऊन बघावं लागतं.

म्हणून हा लेख.

आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. देशात सात आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर. पुण्याची पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी, २००६ साली सुरू झाली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाअखेर बीएस आणि एमएस अशा दोन्ही पदव्या मिळतात. सुरुवातीला जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक असं सगळंच शिकायचं, पुढे विषय निवडायचा आणि शेवटचं वर्ष संशोधन प्रबंधाला द्यायचं. इंजिनिअरिंग हुकलं म्हणून इकडे येणाऱ्यांनी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम एकदा डोळ्यांखालून घालावा. मग यावं की नाही ते ठरवावं.

प्रवेश आता एकाच दारातून होतो. पूर्वी केव्हीपीवायवाल्यांना, म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेत निवडलेल्यांना, वेगळी वाट होती, आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डच्या रँकवरही जागा मिळत. केव्हीपीवाय बंद झाली आणि २०२४ पासून ॲडव्हान्स्डची वाटही मिटली. सातही संस्थांसाठी एकच आयएटी, म्हणजे आयसरची स्वतःची चाचणी. अर्ज ऑनलाइन. २०२५ मध्ये अर्ज मार्च-एप्रिलमध्ये घेतले आणि परीक्षा २५ मे रोजी झाली. शुल्क खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटाला २,००० रुपये, एससी, एसटी व दिव्यांगांना १,००० रुपये होतं. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून मार्च लागला की संकेतस्थळ उघडून बघायची सवय ठेवा.

पात्र आहात का?

बारावी विज्ञान शाखेतून, प्रवेशाच्या वर्षी किंवा त्याच्या आदल्या वर्षी उत्तीर्ण. २०२५ च्या प्रवेशाला २०२४ किंवा २०२५ ची बारावी चालली. म्हणजे एक ड्रॉप चालतो, दुसरा नाही. खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस गटाला किमान ६० टक्के, एससी, एसटी व दिव्यांगांना ५५. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ६०० पैकी बेरीज असते, त्यामुळे ३६० ची रेघ लक्षात ठेवली की झालं. निकाल लागायच्या आधी परीक्षा देता येते.

जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांपैकी किमान तीन विषय बारावीला हवेत. पीसीएम चालतं, पीसीबीही चालतं. बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेऊन बायो सोडलेली मुलं घाबरतात, पण त्यांच्याकडे पीसीएम असतंच, ती पात्र आहेत. गणित सोडलेल्यांना मात्र भोपाळच्या बीटेकसारखे चार वर्षांचे काही अभ्यासक्रम बंद होतात.

पात्र असणं आणि शक्यता असणं यात फरक आहे. तो पेपरात कळतो. ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५, वेळ १८० मिनिटं, एकूण २४० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. बारावीला विषय कोणतेही असोत, पेपर सगळ्यांना तोच. पीसीबीच्या मुलाने गणिताला हात लावलाच नाही तर त्याची स्पर्धा १८० गुणांवर संपते, आणि समोरचा २४० वर खेळत असतो. पीसीएमवाल्याची बायोबाबत तीच गत, पण त्याला उपाय आहे. एनसीईआरटीचं बायोचं पुस्तक नीट वाचून १५ पैकी बरेच प्रश्न आटोक्यात येतात. दोन महिन्यांत गणित उभं करणं त्यामानाने अवघड. माझं मत असं, की गणित सोडलेल्या मुलाने आयसरचा विचार करायचा असेल तर अकरावीतच करावा.

आणि अकरावी! आपल्याकडे सीईटीला अकरावीचा भार २० टक्के असल्याने मुलं ती अर्धवट सोडतात. आयएटीला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारखाच महत्त्वाचा.

सीईटीची आणखी एक सवय इथे नडते. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून पोरं शेवटच्या पाच मिनिटांत सगळे गोल भरून मोकळी होतात. गेल्या वर्षी एका मुलीचा सराव पेपर घेऊन बसलो होतो. भौतिकचे ९ सोडवले, ६ बरोबर, हाती २१. रसायनाचे ११, त्यात ८ बरोबर, हाती २९. बायो १३ पैकी ११ बरोबर, ४२. आणि गणित? सगळे १५ सोडवलेले, बरोबर ४. म्हणजे १६ वजा ११, हाती ५. विचारलं तर म्हणाली, "तीनच येत होते सर, बाकी बारा अंदाजे." ते तीनच सोडवून थांबली असती तर १२ मिळाले असते. एकूण ९७ ऐवजी १०४.

तिचं नशीबही जरा वाईट होतं. चार पर्यायांत डोळे मिटून बारा प्रश्न भरले तर सरासरी तीन बरोबर येतात: १२ वजा ९, हाती ३. एवढ्यासाठी जोखीम घेण्यात अर्थ नाही. दोन पर्याय खात्रीने खोडता येत असतील तर त्याच बारा प्रश्नांत सहा बरोबर, २४ वजा ६, हाती १८. तिथे मात्र भरावंच. हा हिशेब सराव पेपरात वहीवर मांडून बघा, प्रत्येक विषयाचा वेगळा.

गुण बघू नका, रँक बघा

"किती मार्काला मिळेल?" याला नेमकं उत्तर नाही, कारण पेपर सोपा-अवघड निघाला की गुण वरखाली होतात. टिकतो तो रँक. आणि रँक दोन असतात: सगळ्यांच्या यादीतला आणि तुमच्या प्रवर्गाच्या यादीतला. तुलना करायची ती मागल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतल्या, त्याच संस्थेच्या, त्याच प्रवर्गाच्या शेवटच्या रँकशी. पहिल्या फेरीचा आकडा बघून रडणारे पालक मी पाहिले आहेत. वरच्या रँकची बरीच मुलं पुढे आयआयटी किंवा मेडिकलला निघून जातात, त्यांच्या जागा सुटतात आणि यादी खाली सरकते.

जागा किती, हेही नजरेसमोर असू द्या. पुण्यात अलीकडे बीएस-एमएसला २८८ जागा आहेत. ओबीसी २७, एससी १५, एसटी साडेसात, ईडब्ल्यूएस १० टक्के धरले तर ओबीसीला साधारण ७८, एससीला ४३, एसटीला २१-२२, ईडब्ल्यूएसला २९ आणि खुल्या ११६ च्या आसपास. या सगळ्या देशभरातल्या मुलांसाठी. महाराष्ट्राचा वेगळा कोटा नाही. पुण्यात घर असल्याचा उपयोग फक्त रविवारी डबा खायला जाता येण्यापुरता.

दाखल्याचा घोळ

आपल्या राज्यातल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयसर केंद्राची संस्था. तिला राज्याचे प्रवर्ग कळत नाहीत. व्हीजे, एनटी, एसबीसी, एसईबीसी यांतलं एकही नाव त्या अर्जात सापडणार नाही.

एनटी-सी म्हणजे धनगर, एनटी-डी म्हणजे वंजारी. या दोन्ही जाती महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहेत. म्हणजे मुलाने ओबीसी लिहायचं आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लावायचं. इतर भटक्या-विमुक्त आणि एसबीसी जातींनी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत आपली जात, पोटजात शोधावी. नावाचं स्पेलिंग आणि यादीतला क्रमांक दाखल्याशी जुळवून बघा.

राज्याचं नॉन-क्रिमिलेअर आणि केंद्राचं नॉन-क्रिमिलेअर हे दोन वेगळे कागद आहेत. सेतू केंद्रावर नुसतं "नॉन-क्रिमिलेअर काढायचंय" म्हटलं की समोरचा सवयीने राज्याचंच काढून देतो. आमच्या गावच्या एका मुलाचं नेमकं तसं झालं. हातात नवाकोरा कागद, सही-शिक्का सगळं जागेवर, पण नमुना राज्याचा. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, आणि मधे मुदत. तिथे स्पष्ट सांगा: केंद्र शासनाच्या संस्थेत प्रवेशासाठी, केंद्राचा नमुना. आणि कागद हातात पडला की बाहेर येण्याआधी मथळा वाचा. भारत सरकारच्या संस्थांमधल्या प्रवेशासाठी असा उल्लेख नसेल तर तिथूनच परत फिरा. राज्याचं प्रमाणपत्र तीन वर्षांपर्यंत चालतं म्हणून इथेही जुनं लावू नका, १ एप्रिलनंतरचं ताजं काढा.

मराठा समाजाच्या मुलांचा प्रश्न वेगळा. २०२४ च्या कायद्याने राज्यात एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आलं, पण केंद्राच्या संस्थेत ते लागू नाही. त्यांनी केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस बघावं. कुणबी दाखला निघाला असेल तर मग ओबीसी, कारण कुणबी केंद्रीय यादीत आहेत. दोन्ही घेऊन सोयीचं वापरता येत नाही. ज्याला ओबीसी लागू आहे त्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही.

ईडब्ल्यूएसच्या अटी कडक आहेत. आदल्या आर्थिक वर्षातलं कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, शेतीचंही त्यात धरून. वर ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन नसावी, हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट नसावा. सहा एकर कोरडवाहू असलेला बाप वर्षाला लाखभर कमावत नसला तरी पोरगं या अटीत बसत नाही. मला ही अट मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर अन्याय करणारी वाटते, पण अट आहे ती आहे. उलट ओबीसीच्या क्रिमिलेअरमध्ये उत्पन्नाची कसोटी लावताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तिथे आईवडिलांच्या सरकारी पदाचा दर्जा आणि इतर उत्पन्न बघतात. म्हणून कुणबी नोंद सापडलेल्या शेतकरी कुटुंबाने आधी ओबीसीची बाजू तपासावी.

एक समज काढून टाका. प्रवर्गाचा दाखला लावला म्हणून खुल्या जागेचा हक्क जात नाही. सर्वसाधारण यादीतला रँक चांगला असेल तर मुलगा खुल्या जागेवरच येतो.

बाकी कागदपत्रं सोपी: जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, फोटो, सही, ओळखपत्र, दिव्यांग असल्यास त्याचं प्रमाणपत्र. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, एवढं बघा.

समुपदेशनाच्या फेऱ्या

रँक आला की आपोआप जागा मिळत नाही. समुपदेशनासाठी संस्थांचे पसंतीक्रम भरावे लागतात आणि तुम्ही भरलेल्या पसंतींचाच विचार होतो. पुणे एके पुणे भरून बसणाऱ्याने रँक चांगला असूनही बाहेर राहायची तयारी ठेवावी. सातही संस्थांत शिक्षक आणि प्रयोगशाळा चांगल्या आहेत. अंतराचा आणि हवेचा विचार करून क्रम लावा, पण ज्या ठिकाणी जायची तयारी आहे ती सगळी भरा. वरच्या रँकवाल्यांनी सुरक्षित म्हणून खालची संस्था वर लिहू नये. क्रम मनाप्रमाणे लावला तर तोटा होत नाही.

जागा देऊ केली की तीन पर्याय: फ्रीझ करून तीच पक्की करायची, फ्लोट करून ती धरून वरच्या पसंतीची वाट बघायची, किंवा नाकारायची. जागा धरायची तर मुदतीत स्वीकृती शुल्क भरावंच लागतं. दिवस मोजकेच मिळतात. या काळात गावी लग्नाला गेलेल्या आणि मोबाइलला रेंज नसलेल्या मुलाची जागा गेली की ती गेली.

याच आयएटीच्या गुणांवर बेंगळुरूच्या आयआयएससीच्या बीएसलाही अर्ज करता येतो, आयआयटी मद्रासच्या मेडिकल सायन्सेस अँड इंजिनिअरिंगलाही. त्यांचे अर्ज वेगळे भरायचे. आणि मुंबई सोडायची नसेल तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानांच्या केंद्रात पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी आहे, त्याला नेस्ट ही निराळी परीक्षा.

राज्याची कॅप, म्हणजे इंजिनिअरिंगची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, याच सुमारास चालू असते. तिथे इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा केली आणि मग आयसरची जागा आली, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. शाळा सोडल्याचा दाखला एकच मिळतो. तो कुठेही देण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि परत मिळायला किती दिवस लागतील हे त्या खिडकीवर आधीच विचारा.