ग्राफीनच्या साहाय्याने अवरक्त तपासणी : हळद व्यापाऱ्यांसाठी माहिती

सन्माननीय ग्राहकहो,

सांगलीच्या मार्केट यार्डातील व्यापारी व अडते हळद पुडीचे नमुने आमच्याकडे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाच्या तपासणीसाठी देतात. ग्राफीन या अतिशय पातळ कार्बनच्या चिपवर अत्यल्प भेसळही सापडते असे ऐकून त्यांपैकी अनेकांनी त्याबाबत विचारणा केल्यामुळे हे पत्रक काढले आहे.

रेणूतील अणूंमधले बंध ठरावीक वारंवारितेने कंप पावतात व त्याच वारंवारितेचा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग हळदीतील नैसर्गिक पिवळ्या द्रव्यापासून, म्हणजे कुरकुमिनपासून, वेगळा ओळखता येतो. अडचण प्रमाणाची आहे. या प्रकाशाची तरंगलांबी काही मायक्रोमीटर, तर रेणू जेमतेम नॅनोमीटरच्या, म्हणजे मायक्रोमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापाचे, म्हणून मोजक्या रेणूंनी केलेले शोषण जाणवतच नाही. आमच्या यंत्रावरही भेसळ शेकडा काही टक्के असली तरच ती खात्रीने दिसते.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा. तो वेगळा करून त्यावर केलेल्या प्रयोगांसाठी आंद्रे गाइम व कोन्स्टान्टिन नोवोसेलोव यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच्या शंभर नॅनोमीटरहूनही कमी रुंदीच्या पट्ट्या केल्या, की त्यांतील इलेक्ट्रॉन अवरक्त प्रकाशासोबत एकत्रितपणे आंदोलित होतात आणि प्रकाशाची बहुतेक ऊर्जा पृष्ठभागालगतच्या मोजक्या नॅनोमीटरच्या थरात, म्हणजे नेमकी रेणू चिकटतात तेथेच, कोंडली जाते. याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म अँटेनांभोवती ती कितीतरी दूरवर पसरते. शिवाय विद्युतदाब बदलून पट्ट्यांची अनुनादी वारंवारिता, म्हणजे ज्या वारंवारितेला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात ती, सरकवता येते, त्यामुळे एकच चिप अनेक कंपनांशी जुळवून घेता येते. आमच्या मते या पद्धतीचे खरे बळ यातच आहे. स्वित्झर्लंड व स्पेनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रथिनांचा अतिशय पातळ थर असाच ओळखून दाखवला.

मात्र प्रयोगशाळेतले शुद्ध प्रथिन वेगळे आणि यार्डातली हळद वेगळी. पुडीतील स्टार्च, तेल व कुरकुमिन हेच आधी चिपचा पृष्ठभाग व्यापतील. म्हणून हवा तो रेणू आधी वेगळा काढावा लागेल किंवा फक्त त्यालाच धरून ठेवणारा लेप चिपवर द्यावा लागेल. ही सुविधा आमच्याकडे नाही. अत्यल्प रंगासाठी क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक वेगळे करणारी पद्धत) आणि शिशाच्या भेसळीसाठी अणुशोषण पद्धतीची (मूलद्रव्याचे अणू मोजणारी) तपासणी करून घ्यावी. आमच्या अहवालात ‘भेसळ आढळली नाही’ असे असल्यास यंत्राच्या मर्यादेहून अधिक प्रमाणात ती आढळली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा, आणि निर्यातीच्या मालासाठी केवळ त्या अहवालावर विसंबू नये.