गुड फ्रायडेचा विझलेला दिवा: कॅथलिक कल्पनाशक्ती आली कुठून

गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये पाय ठेवला की काहीतरी बदललंय हे लगेच कळतं. वेदीजवळ वर्षभर तेवणारा तो दिवा, बहुतेक ठिकाणी लाल काचेतला, विझलेला असतो. ज्या छोट्या पेटीत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे येशूचं शरीर मानली जाणारी भाकर, ठेवतात ती टॅबरनॅकल, तिचं दार सताड उघडं, आत काही नाही. वेदीवर कापड नाही, मेणबत्त्या नाहीत, घंटा आदल्या संध्याकाळपासून बंद. सहा-सात वर्षांच्या पोराला कुणी काही समजावलेलं नसतं तरी ते आत आलं की आपोआप आवाज खाली आणतं. मी पण तसंच शिकलो, धर्मशिक्षणाचे क्लास नंतर आले, प्रश्नोत्तरं पाठ करणं त्याच्याही नंतर, पण येशू मेला म्हणजे काय झालं हे मला त्या उघड्या दारानं आधी सांगितलं.

याच गोष्टीला अभ्यासक 'धार्मिक कल्पनाशक्ती' म्हणतात. इथे कल्पना म्हणजे थाप किंवा मनाचे खेळ नाहीत, तर ज्या चित्रांतून, गोष्टींतून, वस्तूंतून माणूस जग बघायला शिकतो ती नजर. विसाव्या शतकात शिकागोच्या डेव्हिड ट्रेसी या धर्मगुरूंनी ही मांडणी केली की कॅथलिक परंपरा देव आणि जग यांच्यातलं साम्य शोधत जाते, देव कसा आहे हे पाणी, भाकर, आईची माया यातून थोडंफार कळतं असं मानते, तर प्रोटेस्टंट परंपरा देव आणि जग यांच्यातल्या अंतरावर बोट ठेवते, म्हणजे जगातल्या कुठल्याच वस्तूला देव समजू नका ही काळजी. दोन्हींची गरज आहे, फक्त भर वेगळा. नाव अलीकडचं असलं तरी भांडण फार जुनं आहे, आणि ते भांडण समजल्याशिवाय कॅथलिक घरातली जपमाळ काय नि चर्चमधली मूर्ती काय, काहीच नीट समजत नाही असं माझं मत आहे.

साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराला आजच्या फ्रान्समधल्या मार्सेच्या बिशपनी, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी, सेरेनस त्यांचं नाव, चर्चमधली चित्रं फोडून टाकली कारण लोक त्यांची पूजा करायला लागले होते. पोप ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहिलं की पूजा थांबवलीत ते बरोबर, पण चित्रं फोडायला नको होती, ज्याला वाचता येत नाही तो भिंतीवर बघून वाचतो. पूर्वेकडे मात्र हे प्रकरण खूपच पेटलं. आठव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, सम्राटांनी पवित्र चित्रांवर बंदी आणली आणि दमास्कसचे संत योहान यांनी विरोधात लिहिलं. त्यांचा मुद्दा सोप्या भाषेत असा, की मी लाकूड-रंगाची भक्ती करत नाही, मी त्याची करतो ज्याने लाकूड-रंग निर्माण केले आणि माझ्यासाठी स्वतः हाडामांसाचा झाला. देवाने शरीर घेतलं असेल तर त्या शरीराचं चित्र काढता आलंच पाहिजे, नाहीतर त्याने शरीर घेतलं यावर तुमचा विश्वास नाही. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या महासभेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, हेच मान्य केलं, आराधना फक्त देवाची, चित्राला मान द्यायचा आणि तो मान चित्रातल्या व्यक्तीपर्यंत पोचतो. पुढचं जवळपास सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

आता १२२३ चा नाताळ. इटलीतलं ग्रेच्चो नावाचं डोंगरातलं गाव, आणि असिसीचे संत फ्रान्सिस. त्यांनी तिथल्या एका ओळखीच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं की मला बाळाचे हाल डोळ्यांनी बघायचेत, ते गवतावर कसं पडलं होतं, बाजूला बैल आणि गाढव कसे उभे होते. गव्हाण आली, गवत आलं, खरा बैल, खरं गाढव, लोक मशाली घेऊन रात्री डोंगर चढून आले आणि त्या गव्हाणीवर मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, त्याच्या खालच्या पायरीचे डीकन होते, त्यांनी शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, गाऊन म्हटलं. गंमत बघा, बैल आणि गाढव येशूजन्माच्या वेळी तिथे होते असं शुभवर्तमानात कुठेच लिहिलेलं नाही, ते बायबलमधल्याच, पण येशूच्या आधीच्या, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एका ओळीवरून आले, बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं. कुणीतरी ती ओळ आणि ती रात्र एकत्र पाहिली आणि तेव्हापासून ते दोघं गोठ्यातून बाहेर पडलेच नाहीत. फ्रान्सिसच्या पहिल्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की त्या रात्रीचं गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी जनावरांना खायला घातलं. मला ही ओळ फार आवडते, कारण यात सगळं आलं, देव गवतावर निजला तर ते गवत आता नुसतं गवत नाही, आणि त्याचा उपयोग कशाला तर गाईगुरांना बरं वाटावं म्हणून.

त्याच्या आगेमागे बाकीचं घरही भरत होतं. सात संस्कारांची यादी बाराव्या शतकात पक्की होत गेली, त्यात पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, डोक्यावर ठेवलेला हात, म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक वळणावर हाताला लागणारं काहीतरी. फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी इ.स. १००० च्या आसपास २ नोव्हेंबर हा दिवस सगळ्या मृतांसाठी ठेवला, आणि मेलेल्या माणसाशी नातं संपत नाही, त्याच्यासाठी अजून काहीतरी करता येतं ही भावना लोकांच्या मनात घर करून बसली. दिवसाचंही तेच, सकाळ-दुपार-संध्याकाळ घंटा वाजली की हातातलं काम थांबवून देवदूताने येशूच्या आईला, मरियेला, दिलेला निरोप आठवायचा. शेतात काम करणाऱ्याचं घड्याळच ते.

पण हे सगळं छान छानच होतं असं म्हणणं खोटेपणा होईल. संतांच्या अस्थींचा बाजार, पैसे घेऊन दिलेली पापदंडाची माफी, मूर्ती रडली-घामेजली अशा अफवा, हे झालंय आणि त्यावर चिडून सोळाव्या शतकात जे लोक उठले, म्हणजे प्रोटेस्टंट, त्यांचा राग खरा होता. १५२४ मध्ये झुरिकच्या चर्चमधून सगळ्या मूर्ती-चित्रं काढून भिंतींना चुना फासला, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये तर जमावाने हातोडे घेऊन तोडफोड केली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये उत्तर दिलं ते निकियाचंच, चित्रं राहणार, पण अंधश्रद्धा आणि अश्लीलता नको. आणि मग त्याच निर्णयाच्या जोरावर मायकेलअँजेलोच्या शेवटच्या न्यायाच्या चित्रातल्या उघड्या देहांवर दुसऱ्या चित्रकाराकडून कपडे रंगवून घेतले गेले. कल्पनेला जवळ करायचं आणि तिची भीतीपण बाळगायची, हे चर्चमध्ये कायम सोबतच चालत आलंय.

याच काळातला लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडला, अंथरुणावर पडून वाचायला शौर्यकथा मागितल्या तर घरात फक्त येशूचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी निघाल्या. पडल्या पडल्या ते दिवास्वप्नं बघायचे, कधी दरबारातल्या स्त्रीची, कधी संतांसारखं जगण्याची, आणि त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडतं आणि दुसऱ्यानंतर शांत राहतं. यातून जी प्रार्थनेची पद्धत निघाली, पोपनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली, तिच्यात चक्क सांगितलंय की नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यासमोर आणा, किती लांब, किती रुंद, सपाट आहे की दऱ्याखोऱ्यांतून जातो, ती गुहा किती मोठी, छत किती खाली. उत्तर पुस्तकात नाही, ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे कल्पना करणं हीच प्रार्थना.

आता परत गुड फ्रायडेकडे, त्याच्यानंतरच्या शनिवारच्या रात्रीकडे येतो. ईस्टरची, म्हणजे येशू पुन्हा उठल्याच्या सणाची, जागरण-मिस्सा, अंधारात नवा अग्नी पेटवायचा, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावायची, आणि ती काळोख्या चर्चमध्ये आणताना ख्रिस्ताचा प्रकाश असं गायचं. पण कित्येक शतकं ही मिस्सा शनिवारी सकाळी व्हायची, लख्ख उजेडात! शब्द तेच, नवा अग्नी तोच, पण अंधारच नाही तर प्रकाश कुणाला दिसणार, मोजकेच लोक यायचे. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी ती रात्री करायला परवानगी दिली आणि १९५५ मध्ये सगळ्या पवित्र आठवड्याचीच रचना बदलली. नवीन सिद्धांत एकही आणला नाही, पण रात्र परत दिली.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, १९६२ ते १९६५, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली ते उत्तमच झालं. पण १९६३ च्या दस्तऐवजात मूर्ती ठेवा, फक्त संख्या बेताची असू द्या असं होतं त्याचा अर्थ काही ठिकाणी सगळं काढून टाका असा घेतला गेला, आणि ज्यांनी त्या मूर्तीसमोर बसून मुलांची आजारपणं काढली होती त्यांना कुणी विचारलं नाही. तो सल खरा आहे.

शिकागोचेच अँड्र्यू ग्रीली, फादर आणि समाजशास्त्रज्ञ दोन्ही, यांनी अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात लोकांना विचारलं की देव तुम्हाला आई वाटतो की वडील, मालक की जोडीदार, न्यायाधीश की प्रियकर, राजा की मित्र. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या मनात आई, जोडीदार, प्रियकर, मित्र ही चित्रं जास्त, त्याचं जगाकडे बघणंही वेगळं असतं, आणि ही चित्रं येतात मुख्यतः आईवडील आणि आयुष्याचा जोडीदार यांच्याकडून, प्रवचनातून नंतर.

म्हणून मिस्सेला वर्षानुवर्षं न फिरकलेला माणूसही दवाखान्याचा रिपोर्ट यायचा असला की दुपारी रिकाम्या चर्चमध्ये येतो. मरियेच्या मूर्तीपुढच्या स्टँडवर एक मेणबत्ती ठेवतो, काडेपेटी सापडत नाही, मग शेजारी कुणाची तरी जळत असते तिच्यावरून आपली पेटवून घेतो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहतो.