ग्रीकांना फक्त पट्टी आणि कंपासच चालायचा?

‘प्राचीन ग्रीकांना पट्टी-कंपासाशिवाय काही चालत नसे, म्हणून कोनाचे तीन समान भाग करणं त्यांना जमलंच नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. (इथे पट्टी म्हणजे खुणा नसलेली, फक्त सरळ रेघ ओढायची.) हे चूक आहे. त्यांना ते जमलं होतं!

आर्किमिडीजच्या नावावरची ही रीत बघा. वर्तुळाच्या केंद्रापाशी, म्हणजे ‘क’पाशी, कोन अकब आहे; ‘अ’ आणि ‘ब’ वर्तुळावर आहेत. अक ही रेघ केंद्रापलीकडे वाढवा. पट्टीवर त्रिज्येएवढ्या अंतरावर दोन खुणा करा. आता पट्टी ‘ब’मधून जाऊ देत सरकवत राहा, एक खूण वर्तुळावर आणि दुसरी वाढवलेल्या रेघेवर येईपर्यंत. पट्टी आणि रेघ यांच्यात तिथे होणारा कोन मूळ कोनाचा बरोबर एक तृतीयांश असतो. कागदावर करून पाहाच, फार सुंदर आहे.

दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढायला ग्रीक गणिती मेनेक्मसने शंकुच्छेद, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणारे अन्वस्तासारखे वक्र, वापरले. युक्लिडच्या गृहीतकांत रेघ आणि वर्तुळ काढणं आहे, उपकरणांची नावंही नाहीत. इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या पॅपस या गणितीचा आग्रह एवढाच, की रेषा-वर्तुळांनी सुटणाऱ्या प्रश्नाला शंकुच्छेद लावू नयेत. याला बंदी म्हणणं अन्यायाचं आहे.

मात्र खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यानेच कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणारी रीत असूच शकत नाही, हे पिएर वान्त्झेलने सिद्ध केलं १८३७ मध्ये.