शब्दसाहचर्य : इंग्रजी शब्दजोड्या आणि सोलापूर

एका शब्दाशेजारी ठरावीक दुसराच शब्द बसण्याची भाषेतली सवय म्हणजे शब्दसाहचर्य. इंग्रजीत याला कॉलोकेशन म्हणतात. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटार मात्र ‘पॉवरफुल’ लागते. हे गाजलेले उदाहरण भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांचे. दोन्ही विशेषणांचा अर्थ जवळपास एकच, व्याकरणही आड येत नाही. आड येतो तो निव्वळ प्रघात. हॅलिडे यांचे गुरू जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले की, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे फर्थ १९२८ पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. फर्थ यांच्या १९५७ च्या त्या विधानाआधीच, १९३३ मध्ये, इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरॉल्ड पामर यांनी टोकियोत अशा जोड्यांची लांबलचक यादी प्रसिद्ध केली. जपानी विद्यार्थ्यांची अडचण तीच होती जी सोलापूरच्या विद्यार्थ्यांची आहे: सुटे शब्द पाठ, जोडी चुकीची.

सोलापूरकराला हे पटवायला ‘कडक’ हा एक शब्द पुरे. चहा कडक, ऊन कडक, मास्तर कडक, इस्त्री कडक आणि ज्वारीची भाकरीही कडक. इंग्रजीत यातला प्रत्येक कडकपणा वेगळा. चहा ‘स्ट्राँग’, मास्तर ‘स्ट्रिक्ट’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, खळ घातलेली कॉलर ‘स्टिफ’. पातळ, वाळवलेली, बोटाने दाबताच कट्‌कन मोडणारी भाकरी ‘क्रिस्प’. गंमत म्हणजे कोरी करकरीत नोटही ‘क्रिस्प’च. बाहेरगावी जाणाऱ्या पाकिटावर ‘हार्ड भाकरी’ छापले तर अर्थ चुकत नाही, पण गिऱ्हाइकाला आधी स्वतःचे दात आठवतील.

क्रियापदांत गोंधळ जास्त. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, म्हणून आपल्याकडे ‘गिव्ह एक्झाम’ रूढ झाले. ब्रिटनमध्ये विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा तिला ‘सिट’ करतो, म्हणजे बसतो. परीक्षेला बसणे मराठीतही आहेच, फक्त इंग्रजी बोलताना ते आठवत नाही. पेपर आपल्याकडे मास्तर काढतात, तिकडे तो ‘सेट’ करतात. आपल्याकडे तो फुटतो, तिकडे ‘लीक’ होतो, म्हणजे गळतो. शिवाय ‘त्याने पेपर काढला’ म्हणजे प्रश्नपत्रिका की वर्तमानपत्र, हे माणूस पाहूनच कळते. ‘पास आउट’चे तर विचारू नका. नोकरीच्या अर्जात ‘२०१८ ला पास आउट झालो’ असे भारतभर लिहितात. लंडनच्या वाचकाला तो उमेदवार त्या साली बेशुद्ध पडला असे वाटू शकते. लष्करी छात्रांच्या ‘पासिंग आउट परेड’मध्ये मात्र आपलाच अर्थ तिकडेही शाबूत आहे.

संदर्भ बदलला की तीच जोडी उलटी कशी होते, हे ‘काउंट’मध्ये दिसते. सूतबाजारात इंग्रजी पद्धतीचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० काउंट म्हणजे पौंडात १६,८०० यार्ड. काउंट जितका जास्त तितके सूत बारीक. सोलापुरी चादरीला जाड, म्हणजे कमी काउंटचे सूत लागते. बारीक सुताला ‘फाइन काउंट’ म्हणतात, जाड्याला ‘कोर्स काउंट’. हाच शब्द रक्ततपासणीच्या कागदावर आला की सूर पालटतो. ‘काउंट वाढलाय’ म्हणजे पांढऱ्या पेशी वाढल्या, बहुधा जंतुसंसर्ग. डेंग्यूत ‘काउंट उतरला’ म्हणजे प्लेटलेट्स घटल्या. यंत्रमागावरच्या माणसाला दोन्ही अर्थ येतात आणि ते कधी एकमेकांत मिसळत नाहीत. चादरी-पलंगपोसांचा परदेशी व्यापारी ‘थ्रेड काउंट’ विचारतो, ती तिसरीच गोष्ट: एक चौरस इंचातले उभे-आडवे धागे. टेरी टॉवेलला हे माप फारसे लावत नाहीत, तिथे चौरस मीटरला किती ग्रॅम ते पाहतात.

‘फर्स्ट क्लास’ रेल्वेत डबा, निकालपत्रावर साधारण साठ टक्के, क्रिकेटमध्ये तीन किंवा अधिक दिवसांचा सामना. शेंगाचटणी फर्स्ट क्लास झाली की मात्र त्यात वर्ग उरत नाही, नुसती दाद उरते.

काही जोड्या गावाच्या इतिहासाने पक्क्या केल्या आहेत. ‘मार्शल लॉ’ ही त्यातली एक. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उद्रेक झाला, गोळीबार झाला आणि इंग्रज सरकारने लष्करी कायदा लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. इंग्रजीत मार्शल लॉ ‘डिक्लेअर’ किंवा ‘इम्पोज’ करतात आणि ‘लिफ्ट’ करतात. मराठीत तो पुकारतात, तो लागतो आणि उठतो. ‘लिफ्ट’ आणि ‘उठणे’ इथे अगदी जुळतात, संचारबंदीच्या बाबतीतही जुळतात. बाजार उठतो तेव्हा मात्र ‘लिफ्ट’ चालत नाही.