भडंगाचं पाकीट कुठल्या बादलीत?

कचरा वर्गीकरणाचं पोस्टर काढायला बसवलं की बहुतेक मुलं दोन बादल्या काढतात, एक हिरवी, एक निळी. हिरवीत केळ्याची साल, निळीत बाटली, वर यमक जुळवलेली घोषणा. चित्र छान दिसतं, पण गल्लीतल्या कोणाला माहीत नाही असं त्यात काहीच नसतं. केळ्याची साल कुठे टाकायची याबद्दल सांगलीत कोणीही अडत नाही. माणूस अडतो तो भडंगाच्या रिकाम्या पाकिटाशी, चहाच्या कागदी कपाशी, नारळाच्या करवंटीशी आणि ऊस खाऊन उरलेल्या चोयट्यांशी. पोस्टर या चौघांसाठी हवं.

म्हणून रंगपेटी उघडण्याआधी अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरा आणि घरातला एका दिवसाचा कचरा त्यावर मांडा. काच, ब्लेड, औषधं मोठ्यांनी आधीच बाजूला काढावीत. मग प्रत्येक वस्तू उचलून मुलांना एवढंच विचारा: ही पुढे कुठे जाणार? बादली हा मधला थांबा. पोस्टरवर बाण काढायचा तो शेवटच्या मुक्कामापर्यंत.

करवंटी हातात आली की कोणीतरी विचारणारच, ही तर ठणठणीत कोरडी, मग ओल्या कचऱ्यात का? प्रश्न रास्त आहे. ही वाटणी ओलावा पाहून केलेलीच नाही. जीवाणू आणि बुरशीला जे खाता येतं, ते ओल्यात. करवंटीत लिग्निन नावाचा चिवट पदार्थ भरपूर असतो. तो फोडायला बुरशीला फार वेळ लागतो, म्हणून ती महिनोन्महिने जशीच्या तशी दिसते. चोयट्यांचं वेगळंच आहे. त्यांच्यात कार्बन पुष्कळ आणि नायट्रोजन नावाला, तर भाजीच्या देठांत त्यामानाने नायट्रोजन जास्त. खत करणाऱ्या जीवाणूंना साधारण ३० भाग कार्बनामागे १ भाग नायट्रोजन मानवतो. नुसत्या देठांच्या बादलीला घाण वास येतो आणि त्यात चोयट्या किंवा वाळका पाला मिसळला की तो कमी होतो, त्यामागे हे गणित आहे. शिवाय चोयट्यांमुळे ढिगात हवा खेळती राहते. चांगल्या जमलेल्या मोठ्या ढिगाचं तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, हात घातला तर चटका बसेल इतकं. तोच कचरा पिशवीत गाठ मारून डेपोच्या ढिगाखाली दबला, तर हवेशिवाय जगणारे जीवाणू त्याचा ताबा घेतात आणि मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

सुक्या कचऱ्यात मुलांना खरी मजा येते, कारण इथे प्रयोग करता येतात. पाण्याची बाटली आणि तिचं झाकण, दोन्हींचे नखाएवढे तुकडे कापून पाण्याच्या भांड्यात टाका. पाण्यात साबणाचा थेंब घाला, नाहीतर पृष्ठताणामुळे दोन्ही तुकडे तरंगून फसवतात. बाटलीचा तुकडा तळाला जातो, झाकणाचा वर राहतो. बाटली पेट प्लास्टिकची, पाण्यापेक्षा जड. झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं, पाण्यापेक्षा हलकं. प्लास्टिकचा पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांतही हीच युक्ती मोठ्या हौदात वापरतात.

आता भडंगाचं चकचकीत पाकीट. ते मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळलेलीच राहते, पाकीट मात्र पुन्हा उलगडायला लागतं. म्हणजे हे धातूचा अगदी पातळ लेप दिलेलं प्लास्टिक आहे. बऱ्याचदा त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हे पाकीट घेत नाही. ते जातं सुक्यातच, पण बाण भंगाराच्या दुकानाकडे काढू नका. असा माल बऱ्याच ठिकाणी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचं अस्तर असतं. कप फाडून पाण्यात भिजवला की ते सुटून हातात येतं. त्यालाही रद्दीचा बाण नाही.

भट्टीत जाणाऱ्या कचऱ्याला आमटी लागलेली असेल तर काय होतं? एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. इंधनातली ऊर्जा त्याच इंधनातलं पाणी उडवण्यात जाते. खरकट्याने भिजलेल्या रद्दीचाही कागद होत नाही. २०१९च्या पुरानंतर ज्यांनी गाद्या, धान्य, वह्या आणि प्लास्टिक चिखलात एक झालेले सांगलीच्या रस्त्यांवर पाहिले, त्यांना मिसळलेलं वेगळं करणं किती अवघड असतं हे समजावून सांगावं लागणार नाही. घरात मात्र ते आधी मिसळायचंच नाही, एवढं हातात असतं.

दोन बादल्यांत भागत नाही, हे पोस्टरवर यायलाच हवं. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. बॅटरी, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, पारा असलेली जुनी ट्यूबलाइट हे सगळं तिसऱ्यात. या भागाला लाल रंग द्या, आणि तो घरीच करा. हळदीच्या गावात रंग विकत कशाला आणायचा? हळद पाण्यात कालवून कागदावर फासली की पिवळा. त्यावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला की तांबडा, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. ते उन्हात विटतं, तेव्हा पोस्टर जिन्याखाली किंवा पोर्चमध्ये लावा. पाठीमागे थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उत्तम.

कच्चं चित्र तयार झालं की घंटागाडीवरच्या दादांना किंवा मावशींना दाखवा आणि काय राहिलं ते मुलांनाच विचारू द्या. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहायचं, हे बहुधा तेच सांगतील. ती ओळ सगळ्यात वर घ्या, इंचभर उंचीच्या अक्षरांत. मग दहा फुटांवरूनही ती सहज वाचता येईल.