पार्श्वभूमी : जपानच्या जुन्या शहरांतील निवांत सहल आणि मंदिराच्या दारातला कर

सकाळी एकदोन मंदिरे, दुपारी जुन्या गल्लीतल्या एखाद्या लहान उपाहारगृहात सावकाश जेवण, संध्याकाळी लाकडी घरांच्या वस्तीतून फेरफटका आणि रात्री रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पथिकाश्रमात, मुक्काम, असा जपानच्या ऐतिहासिक शहरांतल्या सहलीचा क्रम आता इतका रूढ झाला आहे की तो शतकानुशतके असाच चालत आला असावा, असे वाटते. त्याचे घटक जुने आहेत यात शंका नाही. त्यांची आजची मांडणी मात्र गेल्या दीडशे वर्षांतली आणि त्यातही बरीचशी १९५०नंतरची आहे. ती घडवताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न नव्या रूपात पुढे आला : हे शहर जपण्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि तो पाहुण्याकडून नेमका कोणत्या दारात वसूल करायचा?

एदो काळात (१६०३–१८६८) सामान्य माणसाला प्रांताबाहेर जायचे तर परवाना लागे आणि तो मिळवण्याचे सर्वांत सोयीचे कारण म्हणजे तीर्थयात्रा. गावोगावी इसे येथील महादेवस्थानाच्या यात्रेसाठी मंडळे असत. आपल्याकडच्या भिशीप्रमाणे सभासद पैसे साठवत आणि चिठ्ठी निघेल ते सर्वांच्या वतीने इसेला जात. देवदर्शन झाले की परतीची वाट नारा, क्योटो आणि ओसाकाकडे वळे, आणि त्यावर फारसे कोणी आक्षेप घेत नसे. १७८० साली क्योटोतील स्थळांचे सचित्र वर्णन छापून निघाले व ते हातोहात खपले, यावरून पाहण्यासाठी प्रवास करणारा वर्ग तोवर तयार झाला होता, हे कळते.

खाण्याच्या बाबतीत क्योटोची ख्याती तिथल्या अडचणीतून आली आहे. शहर समुद्रापासून दूर. वाकासाच्या उपसागरातला बांगडा मीठ लावून डोंगरातल्या वाटेने येई आणि शहरात पोहोचेपर्यंत मुरलेला असे. आजची बांगड्याची सुशी हे त्या वाटेचे फळ आहे. उन्हाळ्यात ‘हामो’ या वामीसारख्या माशाला इतके महत्त्व मिळाले, कारण तो लांबच्या प्रवासातही जिवंत राही. होक्काइदोचे ‘कोंबू’ हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेला हेरिंग मासा पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजांतून येत. उरलेला भाग टोफू, भाज्या आणि मठांतल्या निरामिष स्वयंपाकाने भरून काढला. कोंबू व शिताके अळंब्यांच्या पाण्यावर उभा असलेला हा मठातला स्वयंपाक शाकाहारी मराठी प्रवाशाला आजही सर्वांत विश्वासाचा आहे, कारण एरवी टोफूच्या साध्या वाटीतही सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. ओसाका आणि कानाझावा यांची गोष्ट वेगळी : एकीकडे देशभरातून येणाऱ्या तांदळाचा व्यापार, दुसरीकडे दहा लाख ‘कोकू’ (तांदळाचे जुने माप) उत्पन्नाच्या सरदार घराण्याचा आश्रय आणि समुद्र हाकेच्या अंतरावर.

१८६९मध्ये राजदरबार टोकियोला हलल्यानंतर क्योटोची लोकसंख्या आणि व्यापार दोन्ही घसरले. शहराने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे प्रदर्शने. १८७२च्या प्रदर्शनासाठी परदेशी पाहुण्यांना परवान्यावर शहरात प्रवेश मिळाला आणि त्याच निमित्ताने गियोन या गेइशांच्या वस्तीतील वसंत ऋतूचे सार्वजनिक नृत्य सुरू झाले, जे आज हजार वर्षांची परंपरा असल्यासारखे पाहिले जाते. १८९५मध्ये राजधानीच्या स्थापनेची अकराशे वर्षे साजरी करताना शहराने एकीकडे प्राचीन राजवाड्याच्या धर्तीवर हेइआन देवस्थान उभारले, तर दुसरीकडे बिवा सरोवराच्या कालव्यावरील विजेने देशातली पहिली विद्युत ट्रॅम धावू लागली. याच काळातल्या आणखी एका निर्णयाची दखल सहलीच्या इतिहासात क्वचित घेतली जाते. १८७१मध्ये सरकारने देवळांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. शेतसाऱ्याचे उत्पन्न गेलेल्या मंदिरांना पुढे अभ्यागतांच्या प्रवेशशुल्काचा आधार मिळाला आणि मोठ्या मंदिरांचे अर्थकारण हळूहळू त्यावरच उभे राहिले. पुढच्या वादाचे मूळ इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्योटोच्या नगरपालिकेची तिजोरी रिकामी होती. १९५६मध्ये तिने मंदिरे पाहायला येणाऱ्यांवर प्रत्येकी १० येनचा कर लावला. सांस्कृतिक सभागृह बांधण्यासाठी तो हवा होता. मंदिरांनी कुरकुर करत तो गोळा केला. साडेसात वर्षांनी मुदत संपली तेव्हा, १९६४मध्ये, नव्या नावाने तसाच कर पुन्हा पाच वर्षांसाठी आला. या वेळी मंदिरांची संमती मिळवताना नगरपालिकेने एक लेखी निवेदन दिले : ही मुदत संपल्यावर अशा प्रकारचा कर पुन्हा लावला जाणार नाही. नंतरच्या वादाची चर्चा बहुतेक वेळा धर्मस्वातंत्र्याच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या वादाचा खरा गाभा या एका कागदात आहे.

१९८२मध्ये तोच कर तिसऱ्यांदा पुढे आला. कारण म्हणून सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा खर्च दाखवला गेला आणि कराच्या नावातही प्राचीन राजधानीच्या जतनासाठीचे सहकार्य असा उल्लेख होता. जानेवारी १९८३मध्ये नगरसभेने नियम संमत केला. सुमारे चाळीस मंदिरे व देवस्थाने त्याच्या कक्षेत येणार होती. प्रौढांना ५० येन, मुलांना ३० येन. रक्कम किरकोळ होती आणि ती मंदिरांच्या खिशातून जाणारही नव्हती. मग विरोध एवढा तीव्र का झाला?

मंदिरांचा युक्तिवाद असा होता की, आत येणारा माणूस बुद्धमूर्तीसमोर हात जोडतो की छायाचित्र काढतो, हे दारात बसलेल्याला ठरवता येत नाही, ठरवूही नये. त्याने दिलेले पैसे हे दान आहे आणि त्या दानासोबत कर वसूल करायला लावणे म्हणजे पुजाऱ्याला कर कारकून करणे होय. नगरपालिकेचे म्हणणे, कर श्रद्धेवर नाही, पैसे भरून सांस्कृतिक वारसा पाहण्याच्या क्रियेवर आहे आणि तो पाहणाऱ्याने भरायचा आहे. नारामध्ये अशाच करावर झालेल्या खटल्यात १९६८मध्ये न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली होती. क्योटोच्या मंदिरांनीही दावा लावला, तो १९८४मध्ये फेटाळला गेला. कायद्याच्या पातळीवर नगरपालिकेची बाजू भक्कम होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्याला वीस वर्षांपूर्वी लेखी शब्द दिला, त्यालाच पुन्हा वसुलीच्या खिडकीत बसवण्याचा हा प्रकार होता आणि न्यायालयाच्या निकालाने तो सल कमी झाला नाही.

१० जुलै १९८५ रोजी कर लागू झाला आणि त्याच महिन्यात प्रमुख मंदिरांनी दर्शनार्थींसाठी दारे बंद करायला सुरुवात केली. कियोमिझु, किंकाकु, गिंकाकु ही नावे ज्या शहराच्या प्रत्येक सहलपत्रकावर छापलेली, तिथे पाहुणे बंद फाटकासमोर छायाचित्र काढून परतू लागले. काही मंदिरांनी वेगळा मार्ग काढला : शुल्कच घ्यायचे नाही, म्हणजे कराचा प्रश्नच उरत नाही. ऑगस्टमध्ये, महापौरपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, समेट झाल्याची घोषणा झाली व दारे उघडली. निवडणूक उरकल्यावर समेटाच्या अर्थाविषयी दोन्ही बाजू दोन गोष्टी सांगू लागल्या आणि हिवाळ्यात दारे पुन्हा बंद झाली. या ओढाताणीत खरा भुर्दंड पडला तो मंदिरांच्या चढणीवरच्या दुकानदारांना. लोणची, मोची, भाजलेल्या तांदळाच्या चकत्या, मातीची भांडी विकणारे आणि टोफूची जेवणे वाढणारे हे लोक वादात पक्षकार नव्हते. दोन्ही बाजूंच्या निवेदनांत त्यांना एखादे वाक्यही क्वचितच मिळाले. अखेर मार्च १९८८मध्ये नगरपालिकेने कर मागे घेतला.

मंदिरांना मात्र या प्रकरणातून बंद दाराची ताकद कळली. १९९०च्या सुमारास शहराच्या मध्यभागी ६० मीटर उंचीचे हॉटेल बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा काही मंदिरांनी ‘या हॉटेलच्या पाहुण्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लावल्या. हॉटेल उभे राहिलेच. १९९७च्या नव्या रेल्वेस्थानकाची उंचीही तेवढीच झाली. उंचीविषयीचा निर्णायक बदल पुढे २००७मध्ये आला. मध्यवर्ती भागातील कमाल मर्यादा ४५वरून ३१ मीटरवर उतरली, डोंगरांच्या पार्श्वभूमीची दृश्ये नियमाने राखली गेली आणि छतांवरच्या व लुकलुकणाऱ्या जाहिरातींवर बंदी आली. आज कामो नदीच्या काठी बसून जेवताना पूर्वेचे डोंगर मोकळे दिसतात, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे; जमिनीच्या किमतीवरून घरमालकांनी केलेली तक्रार अजून पूर्ण शमलेली नाही.

गल्ल्या वाचवण्याची प्रक्रिया वेगळ्या मार्गाने गेली. १९६४मध्ये कामाकुरा या मध्ययुगीन राजधानीत देवस्थानामागच्या टेकडीवर घरबांधणी सुरू होणार होती, ती रहिवाशांनी रोखली. त्यातून १९६६चा प्राचीन राजधान्यांच्या जतनाचा कायदा आला, पण त्याचे लक्ष टेकड्या आणि परिसरावर होते, घरांवर नव्हते. किसो डोंगरवाटेवरील त्सुमागो या ओस पडत चाललेल्या गावाने ‘विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही’ असा नियम स्वतःला घालून घेतला आणि लोक पाहायला येऊ लागले. १९७५मध्ये कायद्यात बदल होऊन संपूर्ण वस्ती जपण्याची तरतूद झाली. पुढल्या वर्षी निवडलेल्या पहिल्या वस्त्यांत त्सुमागोबरोबर क्योटोतील सान्नेनझाका व गियोन शिंबाशी होत्या. कानाझावाची पूर्वेकडील चायागृहांची वस्ती त्या यादीत २००१मध्ये आली.

जतनाच्या या हालचालींना जोर दिला तो प्रवाशांच्या बदललेल्या स्वरूपाने. १९६४च्या शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियो–क्योटो अंतर काही तासांवर आणले. १९७०मध्ये ओसाकाचे जागतिक प्रदर्शन संपताच रेल्वेने देश नव्याने पाहण्याचे आवाहन करणारी मोहीम हाती घेतली, कारण प्रदर्शनासाठी वाढवलेल्या गाड्या रिकाम्या धावण्याची भीती होती. तिला प्रतिसाद दिला तरुण स्त्रियांनी. त्या आधीच्या कार्यालयीन सहलींसारख्या बस भरून आणि साके ही तांदळाची दारू पीत आल्या नाहीत. मासिके हातात घेऊन दोघीतिघींनी गल्ल्या धुंडाळल्या, गोड पदार्थांची लहान दुकाने शोधली, सावकाश चालल्या. आजची निवांत सहल बरीचशी त्यांनी घडवली आहे, आणि त्यांचे हे श्रेय इतिहासात फार कमी नोंदवले गेले आहे.

यानंतरचे बदल वेगाने आले. २००३मध्ये परदेशी पाहुण्यांची संख्या सुमारे ५२ लाख होती. २०१९मध्ये ती ३ कोटी १८ लाखांवर गेली आणि महासाथीनंतर २०२४मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर. २०१३मध्ये जपानी भोजनपरंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले, २०१५मध्ये कानाझावाला शिंकानसेन पोहोचली आणि तिथल्या ओमिचो बाजारात रोजची मासळी घेणाऱ्या गृहिणींना पाहुण्यांच्या रांगेतून वाट काढावी लागू लागली. क्योटोच्या निशिकी बाजाराचीही तीच कथा आहे. गियोनच्या खासगी गल्ल्यांत शिरण्यास २०२४पासून मनाई असून १०,००० येन दंडाची पाटी आहे.

आणि कर परत आला. या वेळी मंदिराच्या दारातून तो हॉटेलच्या खिडकीत सरकला. ऑक्टोबर २०१८पासून क्योटोत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामावर माणशी २०० ते १,००० येन आकारले जाऊ लागले आणि मार्च २०२६पासून वरची मर्यादा १०,००० येन झाली. हा वरचा दर माणशी एका रात्रीला एक लाख येन किंवा अधिक मोजणाऱ्यांसाठी आहे. हॉटेलमालक श्रद्धेचा मुद्दा काढू शकत नाही आणि बंद दाराचा तोटा त्याचा त्यालाच होतो, त्यामुळे १९८५सारखे काही घडले नाही. दिवसभर फिरून रात्री ओसाकाला परतणारा पाहुणा या करातून अर्थात सुटतोच. हिमेजीने मार्च २०२६मध्येच दुसरी वाट धरली : किल्ल्याचे प्रवेशशुल्क शहराबाहेरच्या प्रौढांसाठी २,५०० येन झाले, शहरातल्या रहिवाशांसाठी ते पूर्वीचेच १,००० येन राहिले. मूळ कल्पना परदेशी आणि जपानी असा भेद करण्याची होती. चर्चेअंती शहरवासी आणि इतर अशी रेषा आखली गेली. त्यामुळे टोकियोहून आलेला जपानी प्रवासी आणि पुण्याहून गेलेला मराठी प्रवासी त्या फाटकावर एकाच रांगेत, एकाच दराने उभे असतात.